गच्चीवरच्या विटा आणि दोन जुलूस

ड्रोन डोक्यावर येऊन थांबला तेव्हा मी गच्चीवर पाण्याची टाकी भरली का ते बघायला गेलो होतो. मी दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला. पोलिसांचं काहीही समोर आलं की माझे हात आपोआप जोडले जातात. परमुलखात पोट भरणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. ड्रोनने नमस्कार घेतला, माझ्या मागच्या ढिगाभोवती सावकाश एक फेरी मारली आणि तो इमामबाड्याच्या बाजूला निघून गेला.

थोड्याच वेळात चौकीवरून बोलावणं आलं. मला नव्हे, मिर्झा चचांना.

आधी मी कोण ते सांगतो. मी गलाईवाला. आमच्या सांगली जिल्ह्याच्या खानापूर भागातली माणसं देशभर हा धंदा करतात. जिथे सराफ बाजार आहे तिथे आमचा एखादा माणूस भट्टी लावून बसलेला असतोच. सोनार जुनं, मिसळलेलं सोनं-चांदी आणून देतो. आम्ही ते मुशीत वितळवतो, तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, घालतो आणि शुद्ध करून परत देतो. मूस म्हणजे भट्टीत ठेवायचं मातीचं भांडं. मी आठवी अर्ध्यात सोडली आणि काकांच्या मागे लखनौला आलो. इथे चौक नावाच्या जुन्या भागात आमचं दुकान. सगळे मला ‘मराठा’ म्हणतात. संपत हे नाव फक्त बँकेला आणि बायकोला माहीत आहे.

दुकान मिर्झा चचांच्या घरात आहे, तळमजल्यावर. चचा जरदोजीचे कारागीर होते, सोनेरी तारेची भरतकामं करायचे. आता डोळ्यांनी जवळजवळ काम सोडलंय. काका आजारी पडून गावी गेले तेव्हा मी मिसरूड न फुटलेला होतो. शेजारचे चचांना म्हणाले, मराठ्याला काढा, कपड्याचं दुकान येऊ द्या, धुराचा त्रास जाईल. चचा म्हणाले, “धुआँ तो रोजी का है, खाँस लेंगे.” तेव्हापासून ते खोकतायत आणि मी जेवतोय. त्यांनी ठेवून घेतलं नसतं तर मी आज गावात कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर असतो.

आता तो ढीग. आमच्या धंद्यात फेकून द्यायचं असं काही नसतं. मुशीची माती चांदी पिते. भट्टीची वीटही पिते. मूस फुटली, वीट जळून उखडली, तरी तिच्या पोटात कणकण माल राहतो. तो साठवायचा. दिवाळीला गावी जायच्या आधी खलबत्त्यात कुटायचा, पाण्यात धुवायचा, खाली बसलेले कण वितळवायचे. त्यातून जे निघतं त्यावर आमची दिवाळी होते. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाने फुटक्या विटा कधीच नाल्यात टाकल्या असत्या. गलाईवाल्याच्या हाताला ते होतच नाही. म्हणून चचांच्या गच्चीवर माझा वर्षभराचा ढीग होता. फुटक्या मुशी, जळक्या विटा. जवळून बघितलं तर दिवाळी. वरून बघितलं तर दगड.

आणि दुसऱ्या दिवशी जुलूस होता.

आमची गल्ली शिया आणि सुन्नी वस्त्यांच्या मधे आहे. सामाईक भिंतीसारखी. उद्या शियांचा चुप जुलूस जाणार होता. त्यात ढोल नाही, घोषणा नाही, माणसं गप्प चालतात. त्यानंतर चार दिवसांनी सुन्नींचा बारावफातचा, म्हणजे पैगंबर जयंतीचा. पूर्वी अशा दिवसांत इथे बरंच काही झालेलं आहे. म्हातारी माणसं त्या वर्षांबद्दल बोलत नाहीत. कुठलं शटर त्यानंतर नवीन बसवलं एवढंच सांगतात. म्हणून हल्ली जुलूसाआधी पोलिस वरून गच्च्या बघतात. विटा-दगड दिसले की केस. तीही भाडेकरूवर नाही, घरमालकावर. आणि केस झालेल्या घरासमोर पुढे काय काय येऊन उभं राहतं ते पेपर वाचणाऱ्यांना सांगायला नको.

मी चचांबरोबर चौकीवर गेलो. चौकीचे इन्चार्ज पांडेजी. जुलूसाच्या आठवड्यात झोप न झालेला माणूस. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. फोटोत मी होतो. बनियनवर, हात जोडून.

“ये क्या है?”

“मैं हूँ, साहब.”

“तुम्हारे पीछे.”

“मूस, साहब. थोड़ी ईंट भी है.” खरं बोलायची घाई मला नेहमी नडते.

“और हाथ क्यों जोड़े हो? पत्थरों की पूजा चल रही है?”

“ड्रोन को नमस्ते किया, साहब.”

पांडेजींनी मोबाइल खिशात टाकला. मग ते चचांकडे वळले. आवाज खाली आला. “मिर्झा साहब, मकान आपका, छत आपकी. शाम को पाँच बजे ड्रोन फिर उड़ेगा. छत साफ नहीं मिली तो पहला नाम आपका जाएगा. मेरे हाथ में कुछ नहीं रहेगा.”

“जी, बेहतर,” चचा म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. नाली ओलांडताना त्यांनी माझा खांदा धरला. मग म्हणाले, “मियाँ, जरा हटा देना उन्हें.” टेबलावरचा पेला हटवायला सांगावं तसं.

मी सुनंदाला, माझ्या बायकोला फोन केला. आम्ही राहतो वृंदावन योजनेत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती म्हणाली, “आणा की इकडं. बाल्कनीत ठेवू, कुंड्यांच्या मागं.” मागून मुलगी ओरडली, “पापा, फिर मेरी साइकिल कहाँ जाएगी?” तिच्याशी मी मराठीत बोलतो, ती हिंदीत भांडते. म्हटलं, सायकल चार दिवस घरात घे.

गोण्या भरल्या, ई-रिक्षात रचल्या, वर मी बसलो. पहिल्याच बॅरिकेडला शिपायाने अडवलं.

“खोलो.”

खोललं. त्याने आत बघितलं. मग माझ्याकडे.

“चौक में कल जुलूस है और तुम पत्थर लेकर घूम रहे हो?”

“बाहर ले जा रहा हूँ, साहब.”

“बाहर कहाँ?”

“वृंदावन योजना.”

“वहाँ किसका जुलूस है?”

“किसी का नहीं.”

“तो वहाँ पत्थर का क्या काम?”

शिपायाने पांडेजींना फोन लावला. पांडेजी म्हणाले, माल चौकातून बाहेर जाऊ देऊ नका, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत गेला तर तिथली डोकेदुखी आपल्या नावावर येईल. परत पाठवा, निगराणीखाली.

मग वरात निघाली. एक शिपाई पुढे शिट्टी मारत, एक गोण्यांवर बसलेला, मधे मी. चढावर रिक्षा अडली तेव्हा शिपायाने खाली उतरून धक्काही दिला. अशा थाटात दगडांच्या गोण्या भर दुपारी आमच्या गल्लीत आल्या आणि मिर्झा चचांच्या दारात उतरल्या.

गल्लीने हे बघितलं. प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून बघितलं.

आता दोन माणसं सांगायची राहिली. जाफर भाई उद्याच्या शियांच्या जुलूसाचे स्वयंसेवक सांभाळतात. एरवी त्यांचं चष्म्याचं दुकान. हाजी साहब सुन्नींच्या जुलूस कमिटीत. एरवी त्यांची शीरमालची भट्टी, म्हणजे केशरी गोडसर रोटीची. माझ्या नाकावरचा चष्मा जाफर भाईंचा आणि पोटातला नाश्ता हाजी साहेबांचा. दोघंही भले. पण त्या दुपारी दोघांकडे दोन गोष्टी पोचल्या. जाफर भाईंना कळलं की जुलूसाच्या आदल्या दिवशी, जुलूसाच्याच वाटेवर, बाहेरून दगड आलेत. हाजी साहेबांना कळलं की पोलिस स्वतः एका शिया घरात दगड पोचवून गेले. दोन्ही गोष्टी एकाच रिक्षाच्या होत्या. आणि दोन्हींत मूस हा शब्द कुठे नव्हता.

मी दारात गोण्यांजवळ उभा होतो. समोरचं एक शटर अर्धं खाली आलं. मग त्याच्या शेजारचं. कुणी ओरडत नव्हतं, पळत नव्हतं. नुसती शटरं एकामागून एक अर्ध्यावर येत होती. वरून एका बाईने मुलाला हाक मारली, मग दुसरीने तिच्या मुलाला. गल्ली रिकामी होत होती आणि मी माझ्या दिवाळीच्या गोण्यांपाशी उभा राहून घामाने भिजलो होतो. इतकी वर्षं इथे राहिलोय. भीती वाटायला मला कारण लागत नाही, पण त्या दिवशी ते होतं.

मिर्झा चचा काठी टेकत बाहेर आले. त्यांना बसायचं होतं. खुर्ची आत होती, मला ती आणायचं सुचलं नाही. ते एका गोणीवर बसले. म्हणाले, “लोग देखेंगे कि मैं बैठा हूँ, तो समझेंगे कुछ नहीं है.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण जुन्या काळासाठी. वरच्या मजल्यावरून कुणीतरी फोटो काढला. लगेच तो मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ‘मिर्झा साहब पत्थरों की बोरियों पर पहरा दे रहे हैं.’ चचांनी मला विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, तब्येतीची चौकशी करतायत.

तोच फोटो पांडेजींकडेही गेला. ते धावत आले. जाफर भाई एका बाजूने आले, हाजी साहब दुसऱ्या बाजूने. पांडेजींनी तिघांना माझ्या दुकानात कोंबलं. दुकान भट्टी, तेजाबाचे कॅन आणि एक माणूस एवढ्याच मापाचं आहे. चचांना स्टूल दिलं, बाकीचे एकमेकांच्या श्वासात उभे.

“किसने मँगवाए?” जाफर भाईंनी विचारलं.

“यही मैं पूछने आया हूँ,” हाजी साहब म्हणाले.

“पूछने की क्या जरूरत, आपको तो मालूम होगा.”

“जाफर मियाँ, पत्थर आपके मोहल्ले में उतरे हैं.”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “इसमें चाँदी है.”

सगळ्यांच्या माना दाराबाहेरच्या गोण्यांकडे वळल्या.

“ईंट में?” पांडेजी.

“मूस में ज्यादा, ईंट में कम. थोड़ा सोना भी निकलता है.”

हाजी साहब म्हणाले, “मैं भी तो हर साल भट्टी की पुरानी ईंटें फेंकवा देता हूँ.”

“आपकी ईंट में से शीरमाल निकलेगी,” जाफर भाई म्हणाले.

मी गोणीतून मुशीचा एक तुकडा घेतला. खलबत्त्यात कुटला, थाळीत पाणी घालून हलवला. माती वाहून गेली, तळाशी राखाडी कण राहिले. त्यात सवागी घातली. तुमच्या तोंडातल्या फोडांना लावतात तीच, आमच्याकडे ती धातूतला कचरा ओढून घेते. बर्नरची ज्योत दिली. कण एकत्र आले, गोल झाले, चमकले. मोहरीएवढी गोळी. सगळ्यांनी ती हातावर घेऊन बघितली. जाफर भाईंनी खिशातून भिंग काढलं. मला वाटलं, सुटलो.

पांडेजींचा चेहरा उतरला. “अब तो ये पत्थर भी नहीं रहा.”

“जी?”

“पत्थर होता तो ट्रॉली बुलाकर फिंकवा देता. अब ये माल है. तुम्हारा माल मैं फेंक नहीं सकता. मालखाने में रखूँ तो लिखना पड़ेगा चाँदीवाली ईंट. कल को आधी ईंट कम निकली तो मेरी वर्दी जाएगी. छत पर रहे तो मिर्झा साहब पर मुकदमा. गली में रहे तो दंगा.” ते भट्टीच्या कडेला टेकले आणि चटका बसून पुन्हा उभे राहिले.

जाफर भाई म्हणाले, “इमामबाड़े के पीछे कोठरी है, हम रख लेते हैं.”

“जुलूस के दिन आपके इमामबाड़े में पत्थर?” हाजी साहब. “मेरे गोदाम में रख दीजिए, ताला मेरा.”

“चार दिन बाद आपका जुलूस, और पत्थर आपके गोदाम में?”

दोघांचंही खरं होतं. मला इंदिरा नगरातल्या मराठी मंडळाची आठवण झाली. गणपतीचं सामान ठेवायला त्यांच्याकडे एक खोली आहे. मंडळाचे सेक्रेटरी रेल्वेत इंजिनियर, कुलकर्णी साहेब. तिथेच उभा राहून फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे दगड नक्की कुणाचे? यांचे की त्यांचे?”

“माझे, साहेब.”

“हो, पण कुणाच्या बाजूचे?”

“माझ्याच बाजूचे.”

“तुम्ही लेखी अर्ज द्या. पुढच्या मीटिंगला ठेवतो.”

मी आभार मानून फोन ठेवला. माणूस वाईट नाही. मुलीच्या शाळेच्या दाखल्याला त्यांनीच मदत केली होती.

पांडेजींनी घड्याळ बघितलं. मग मला विचारलं, “तुम खुद इसका क्या करते हो?”

“दिवाली से पहले कूटता हूँ, साहब.”

“कितना बारीक?”

“मैदे जैसा.”

“मैदा कोई फेंककर मार नहीं सकता,” ते म्हणाले. “तो आज ही दिवाली समझो.”

मी म्हटलं, साहेब, एकट्याने कुटायला मला कितीतरी दिवस लागतात. जाफर भाई म्हणाले, आमची पोरं कुटतील. हाजी साहब म्हणाले, मग आमचीही कुटतील, नाहीतर चार तुकडे खिशातून कुठे गेले हे कोण बघणार. तेव्हा पांडेजींनी तिथेच हुकूम काढला. प्रत्येक खलाला दोन माणसं, एक यांचा, एक त्यांचा. एकाने कुटायचं, दुसऱ्याने त्याच्या हाताकडे बघायचं. बाहेर जाताना खिसे झाडून दाखवायचे.

खल गोळा झाले. माझा एक होता. हाजी साहेबांच्या घरून मसाल्याचा आला, इमामबाड्याच्या स्वयंपाकघरातून मोठा लोखंडी आला. दुकानापुढे ताडपत्री टाकली आणि कुटणं सुरू झालं. ठण, ठण, ठण. मी आयुष्यभर हे काम एकट्याने केलेलं. ते असं बारशासारखं होईल असं वाटलं नव्हतं.

मोठ्या खलावर जाफर भाई आणि हाजी साहब स्वतः बसले. दुसऱ्या कुणावर सोडायला दोघंही तयार नव्हते.

“आप कूट नहीं रहे, सहला रहे हैं,” हाजी साहब म्हणाले.

“चश्मे का हाथ है, हल्का ही रहेगा. आप लाइए, आप तो आटे के पहलवान हैं.”

“हटिए. और ये क्या दबाया पैर के नीचे?”

“चप्पल है.”

“उठाइए.”

चप्पलच होती. पण उचलून दाखवावी लागली.

एक अडचण कुणाच्या लक्षात आली नव्हती. दोघांच्या नमाजच्या वेळा वेगळ्या. एक पार्टी नमाजला गेली की दुसरीला कुटता येईना, कारण बघायला समोरचा माणूस नाही. मग बत्ते खाली. ते परत आले की हे जाणार, पुन्हा बत्ते खाली. मधल्या वेळात खलांवर एक शिपाई आणि मी. पांडेजी सारखे आभाळाकडे बघत होते.

बारीक झालं की नाही हे कोण ठरवणार यावरही वाद झाला. हाजी साहेबांना वाटाण्याएवढा खडाही दारूगोळा दिसत होता. जाफर भाई म्हणाले, मग तुमच्या तसबीचे मणीही कुटा. शेवटी चिमूट मिर्झा चचांच्या बोटांत दिली. डोळे नसले तरी ती बोटं जन्मभर केसाएवढी तार ओळखत आलेली. चचा चिमूट चोळायचे आणि सांगायचे, “अभी दाना है.” की पुन्हा कुटणं. चचांचं बोट कुठल्या पंथाचं, हे कुणी विचारलं नाही. ज्याच्या नावावर केस होणार होती तोच सगळ्यांना पुन्हा पुन्हा कुटायला लावत होता. मी हळूच म्हटलं, चचा, पाच वाजत आले, चालवून घ्या. ते म्हणाले, “मियाँ, काम काम की तरह होना चाहिए.”

शेवटचा खल रिकामा झाला तेव्हा सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होत्या. गोण्यांत करडी भुकटी. पांडेजींनी मूठभर हातात घेतली, वाऱ्यावर धरली आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

“ये तो आँख में झोंकी जा सकती है.”

हाजी साहब खालीच बसले.

मी म्हटलं, “साहब, धोने के लिए इसमें पानी तो डालना ही है.”

“डालो. अभी डालो.”

भुकटी पिंपांत ओतली, वर पाणी. चिखल झाला. दुपारी रिक्षात गोण्यांवर बसलेला शिपाई म्हणाला, “सर, कीचड़ भी तो फेंक सकते हैं.”

पांडेजींनी त्याच्याकडे बघितलं. “कीचड़ होली में आता है. उसका आदेश अलग है.”

ड्रोन आला तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर झाडू मारत होतो. माझे हात आपोआप जोडले गेले. मग जाफर भाईंचे, मग हाजी साहेबांचे. चचांना कुणीतरी सांगितलं की आलाय, तर त्यांनी नुसत्या आवाजाच्या दिशेने आदाब केला. रिकाम्या गच्चीवर पिठात लोळल्यासारखी माणसं रांगेत हात जोडून उभी. तो फोटो वरपर्यंत गेला. पांडेजींनी अहवालात लिहिलं, छतावर आक्षेपार्ह काही आढळलं नाही. मिर्झा चचांचं नाव कुठेच गेलं नाही. गल्लीतली शटरं तोवर पुन्हा वर गेली होती. कधी गेली ते मला कळलं नाही. बहुतेक सगळे कुटणं बघायला बाहेर आले तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी चुप जुलूस गेला. नुसता पावलांचा आवाज. आदल्या दिवशीच्या ठणठणाटानंतर तो फार हळू वाटला. हाजी साहब माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे होते. कशाला, विचारलं तर म्हणाले, पिंप बघायला. जाफर भाईंच्या स्वयंसेवकांना गर्दी आवरायला दोर धरायचा होता, पण कुणाचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. चार दिवसांनी बारावफातचा जुलूस गेला. त्या दिवशी पायरीवर जाफर भाई होते. तोवर हाजी साहेबांच्या माणसांचेही हात पुरते वर जात नव्हते. झेंडे जरा तिरपेच गेले.

आमच्या कुटण्यामुळे शांतता राहिली असं मी म्हणणार नाही. बहुतेक वर्षी ती राहतेच. बहुतेक माणसांना जुलूस नीट पोचवून घरी जेवायला जायचं असतं. पण ज्या वर्षी राहत नाही त्या वर्षी सुरुवात कशी होत असेल ते मी त्या दुपारी बघितलं. सुरुवातीला कुणी वाईट माणूस लागत नाही. एक रिक्षा आणि दोन खिडक्या पुरतात.

जुलूस झाल्यावर मी पिंपातला गाळ धुतला, वितळवला. चांदीचं बटण, म्हणजे वितळून थिजलेली गोळी, नेहमीपेक्षा चांगलंच मोठं निघालं. विटा, मुशी तेवढ्याच होत्या, पण एरवी मी कंटाळून भरड ठेवतो, त्यात माल अडकून जातो. बटण घेऊन मी आधी वर चचांकडे गेलो आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी सगळीकडून बघितलं. म्हणाले, “अच्छा है. अब छत खाली है तो दो कुर्सियाँ डलवा दो, शाम को बैठा करेंगे.” मी चार टाकल्या.

पांडेजींची आता बदली झाली. यंदा नवे इन्चार्ज आलेत. जुलूसाच्या आधी त्यांनी अमन कमिटीला, म्हणजे दोन्ही पंथांच्या माणसांना, चौकीवर बोलावलं. जाफर भाई आणि हाजी साहब दोघंही तिथे म्हणाले की मीटिंग मराठ्याच्या दुकानावर ठेवा. मग मला फोन आला. नव्या साहेबांचा आवाज सावध होता.

“सुना है तुम्हारे यहाँ ईंटें हैं?”

मी उभा राहिलो. फोनवरच हात जोडले गेले, त्यात फोन पडता पडता वाचला. म्हटलं, “हैं साहब. लेकिन अंदर हैं, पिंप में, गीली हैं.”

“कमेटी पूछ रही है, कूटना कब है.”

आमच्या धंद्यात शिकवायला शाळा नाही. जो तो आपल्या उस्तादाकडून शिकतो. पुढेमागे कुणी माझ्याकडे शिकायला आला तर त्याला भट्टीचा ताव आणि तेजाबाचं माप तर सांगेनच, शिवाय एक गोष्ट सांगेन. मुशी कुटायच्या असतील तर एकमेकांवर भरवसा नसलेली दोन माणसं एका खलावर बसवावीत. कुणी काही दाबून ठेवत नाही, आणि माल बारीक होतो.